मानसशास्त्राचा पहिला धडा आकड्यांचाच हवा

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र सक्तीचं असावं की ऐच्छिक, हा वाद अधूनमधून उकरून काढला जातो आणि दर वेळी त्याच दोन छावण्या समोरासमोर उभ्या राहतात. एक छावणी म्हणते, आम्ही माणसं समजून घ्यायला आलो आहोत, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप) काढायला नाही. ज्याला समोरच्याच्या मनातली घालमेल कळते, त्याला वर्गमूळ काढता आलं नाही तर बिघडलं कुठे? दुसरी म्हणते, आकडे आहेत म्हणूनच या विषयाला कुणी विज्ञान म्हणतं. ज्याला ते झेपत नाही त्याने दुसरा विषय घ्यावा. दोन्हीकडून भरपूर धुरळा उडतो. पण एका बाबतीत दोन्ही छावण्यांचं बिनबोभाट एकमत असतं: संख्याशास्त्र म्हणजे गणित, आणि ते मानसशास्त्राला बाहेरून येऊन चिकटलेलं आहे. एकीला ते गळ्यातलं लोढणं वाटतं, दुसरीला छातीवरचा बिल्ला. हे गृहीतकच चुकीचं असल्यामुळे वाद कितीही रंगला तरी कुठे पोचत नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. संख्याशास्त्र सक्तीचं हवंच; इतकंच नव्हे, ते आज येतं त्याच्या बरंच आधी, मानसशास्त्राच्या पहिल्याच धड्यात यायला हवं. मात्र त्या नावाखाली आज जे शिकवलं जातं त्यातलं निम्मंअधिक काढून टाकलं तरी कुणाचं काही अडणार नाही. अपुऱ्या पुराव्यावरून माणूस ठाम निष्कर्ष कसे काढतो, योगायोगात कारण कसं शोधतो, आठवणीत राहिलेल्या चार उदाहरणांचा नियम कसा बनवतो, हा मानसशास्त्राच्याच अभ्यासाचा विषय आहे. मानसशास्त्रज्ञाचं डोकं त्याला अपवाद नाही. या सवयींना आवर घालायची जी रीत माणसाने शोधली तिचं नाव संख्याशास्त्र. ती अंगी बाणली नाही, तर विद्यार्थ्याला माणसांबद्दल तेवढंच कळतं जेवढं त्याला आधीपासून पटलेलं असतं.

इतिहास पाहिला तर हे दोन विषय वेगवेगळे वाढून नंतर एकमेकांना भेटले असं दिसत नाही. जर्मन शास्त्रज्ञ फेक्नरने १८६० मध्ये संवेदना मोजायचा घाट घातला तेव्हा त्याच्यापुढची अडचण हीच होती की तेच वजन त्याच माणसाच्या हातात पुन्हा दिलं तरी उत्तर दर वेळी सारखं येत नाही. म्हणजे चुकांचाही हिशेब ठेवणं आलं. गाल्टन आईबापांची आणि मुलांची उंची मोजत बसला, त्यातून प्रतिगमन निघालं, म्हणजे टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप बहुधा सरासरीकडे सरकतं ही कल्पना. सैन्यातली नोकरी सोडून वुंटच्या लायपझिगच्या प्रयोगशाळेत दाखल झालेल्या स्पिअरमनला एक साधा प्रश्न पडला होता: एका विषयात हुशार असलेलं मूल बहुधा बाकीच्या विषयांतही पुढे का असतं? त्या प्रश्नासाठी त्याने १९०४ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यातून घटक विश्लेषण, म्हणजे अनेक मोजमापांमागचे थोडे समान घटक शोधण्याची रीत, उभं राहिलं आणि पुढे बाजारपेठेच्या पाहण्यांपर्यंत सगळीकडे गेलं. अर्थात जन्म एका घरात झाला म्हणून संसारही एकत्रच करावा असं काही नाही. आणि आकडे मांडणारे सगळे निर्मळ मनाचे होते असंही नाही. गाल्टन आणि संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन दोघेही सुप्रजननवादाचे, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच संतती वाढवावी या मताचे, कट्टर पुरस्कर्ते होते. आपल्या पूर्वग्रहांवर त्यांनी आकड्यांची झूल चढवली. तेव्हा इतिहासाची साक्ष इथेच थांबवतो. मुद्दा आजच्या वर्गात सिद्ध व्हायला हवा.

त्यासाठी पहिल्या छावणीच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या जागी जाऊ: समुपदेशकाच्या खोलीत. समजा, मनावरचा ताण शून्य ते शंभर अशा पट्टीवर मोजता येतो. एखाद्या माणसाचा ताण एरवी पन्नासच्या आसपास असतो, पण आठवड्यागणिक तो पस्तीस ते पासष्टच्या दरम्यान खालीवर होतो. हा माणूस मदत मागायला कधी येईल? ताण चाळीस असताना नाही. तो पासष्टवर जाईल, रात्रीची झोप उडेल, तेव्हाच तो दार ठोठावेल. आता समुपदेशकाने काहीही केलं, अगदी नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तरी सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलेला ताण पासष्टपेक्षा कमी निघण्याचीच शक्यता जास्त, कारण तो आला तोच त्याच्या टोकाच्या आठवड्यात. पंधरा गुणांनी सुधारणा! माणूस मनापासून आभार मानतो, समुपदेशकाला आपल्या पद्धतीची खात्री पटते. अशी शंभर माणसं येऊन गेली की ती खात्री अनुभव या नावाने ओळखली जाऊ लागते. यात कुणीही खोटं बोललेलं नाही. दोघांनीही जे पाहिलं तेच सांगितलं.

सहानुभूती इथे उपयोगी पडेल का? उलट ती गोष्ट अधिक बिघडवेल. जितका समुपदेशक मायाळू, तितकी माणसं त्याच्याकडे कृतज्ञतेने परत येऊन बरं वाटल्याचं सांगणार, आणि तितकीच त्याची खात्री घट्ट होणार. ज्यांना बरं वाटलं नाही ते सहसा परत येऊन तसं सांगत नाहीत, हा आणखी एक गळका कोपरा. या सापळ्यातून सुटायचं तर तशाच टोकाच्या आठवड्यात आलेल्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला थांबायला सांगायचं किंवा दुसरं काहीतरी द्यायचं, आणि मग दोन्ही गटांतली सुधारणा शेजारीशेजारी ठेवून पाहायची. या दुसऱ्या गटाला नियंत्रित गट म्हणतात. तो म्हणजे काय, हे परीक्षेत दोन ओळींत लिहिणारे विद्यार्थी ढिगाने सापडतील. तो नसेल तर एक प्रामाणिक, कुशल, मायाळू माणूस वीस वर्षं स्वतःला फसवत राहू शकतो, हे कळलेले किती सापडतील?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी हाच घोटाळा इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांमध्ये पाहिला. प्रशिक्षकांचं म्हणणं होतं की उत्तम उड्डाणाबद्दल शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं, आणि वाईट उड्डाणाबद्दल खडसावलं की सुधारतं. निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चूक होता. फार चांगल्यानंतर थोडं कमी चांगलं आणि फार वाईटानंतर थोडं बरं येणारच होतं. शाबासकी आणि दरडावणी दोन्ही त्यात निमित्तमात्र. कानेमान यांनी तिथल्या तिथे जमिनीवर खडूने एक खूण काढली आणि प्रत्येक अधिकाऱ्याला तिच्याकडे पाठ करून, न बघता, लागोपाठ दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, आणि ज्यांचं लांब गेलं होतं त्यांचं सुधारलं. कुणी कुणाला शाबासकीही दिली नव्हती आणि दमही भरला नव्हता. एक खडू आणि खिशातली नाणी एवढ्या साहित्यात हा धडा होतो. यात वर्गमूळ कुठे आलं?

पहिल्या छावणीचा यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे, आणि त्याला सरळ मान दिला पाहिजे. मानसशास्त्रातलं काही सर्वोत्तम ज्ञान एकेका माणसाकडून आलं आहे. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवी आठवण साठवण्याची क्षमता गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या कडेने रेघ मारायला शिकवली. दर वेळी त्याला वाटे आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत, तरी हात मात्र सुधारत गेला. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे एका माणसाने दाखवून दिलं. फ्रेंच डॉक्टर ब्रोकाचा १८६१ चा तो प्रसिद्ध रुग्ण, ज्याच्या तोंडून जवळपास एकच शब्द निघत असे, तोही एकटाच. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने विस्मरणाचा आलेख काढला तो स्वतःवर प्रयोग करून. मग नमुन्याचा आकार, सार्थकता पातळी (निकाल ‘सार्थक’, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा, ठरवायची मर्यादा), हे सगळं अवडंबर कशाला?

या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष मात्र आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो तसा नाही. मोलेसन एकटा होता, पण मिल्नर यांनी त्याच्या चुका मोजल्या होत्या, दिवसामागून दिवस. एबिंगहाउस एकटा होता, पण त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले आणि वर्षानुवर्षं पाठांतराची नोंद ठेवली. माणूस एक, मोजमापं हजारो. शिवाय काही गोष्टी आपोआप घडत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर एखाद्याची नवी आठवणच साठेनाशी व्हावी आणि ती पुढे अर्धं शतक तशीच राहावी, हा सहज होणारा चढउतार नव्हे. म्हणून तिथे एक माणूस पुरतो. मनाची उदासी मात्र आपोआप वाढते, आपोआप कमी होते, ऋतूबरोबर हलते, घरातल्या भांडणाबरोबर हलते. तिथे अमुक व्यायामाने एकाला बरं वाटलं यावरून काहीच सांगता येत नाही. कुठे एक माणूस पुरतो आणि कुठे हजारही कमी पडतात, हे ओळखणं हाच तर संख्याशास्त्राचा गाभा आहे. मोलेसनचं उदाहरण देणारा नकळत त्याचाच आधार घेत असतो.

दुसरा आक्षेप जुना आहे: माणूस म्हणजे सरासरी नव्हे. हा किती जुना आहे ते पाहायचं तर पॅरिसला जावं लागेल. पिएर लुई या डॉक्टरने १८३५ मध्ये न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांचा हिशेब मांडला. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचं रक्त काढलं त्या ४१ पैकी १८ दगावले; ज्यांचं उशिरा काढलं त्या ३६ पैकी ९. असं रक्त काढणं हा त्या काळी जवळजवळ सर्वमान्य उपचार होता, त्यामुळे खळबळ माजली. दोन वर्षांनी तिथल्या वैद्यक अकादमीत मोठा वाद झडला. विरोधकांचं म्हणणं आजच्या समुपदेशकाच्या तोंडी शोभेल असं होतं: डॉक्टरसमोर आकडा नसतो, रुग्ण असतो; प्रत्येक रुग्ण वेगळा; मोजणीच्या नादात वैद्याची पारखी नजर मारली जाते. लुईचा अभ्यास आजच्या कसोटीला तोकडाच आहे, गट लहान आणि एकसारखेही नव्हते. पण रुग्ण वेगळा आहे म्हणणारा वैद्य सुरी कशाच्या जोरावर उचलत होता? आधी बरे झालेल्या रुग्णांच्या आठवणीच्या जोरावर. म्हणजे सरासरी त्याच्याही डोक्यात होती. फक्त ती मोजलेली नव्हती, आणि मेलेले रुग्ण तिच्यात कमी भरत होते.

पॉल मील यांनी १९५४ मध्ये हाच प्रश्न मानसशास्त्रात विचारला. कोण पुन्हा गुन्हा करेल, कोण शिक्षणात टिकेल, कुणाला उपचार लागू पडेल, हे तज्ज्ञाच्या अंदाजाने जास्त अचूक सांगता येतं की साध्या आकडेवारीच्या सूत्राने? तोवर झालेले जेवढे तुलनात्मक अभ्यास त्यांनी तपासले, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांत सूत्र निदान बरोबरीचं तरी ठरलं, बऱ्याचदा सरस. मील स्वतः उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ होते, तेव्हा हा बाहेरच्याचा खोडसाळपणा म्हणून झटकता येत नाही. आता आक्षेपातला खरा भाग. सरासरीवरून एका माणसाबद्दल फारच थोडं सांगता येतं, हे शंभर टक्के बरोबर आहे. पण हे आपल्याला सांगतं कोण? दोन गटांच्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक असेल तर संशोधक त्याला मध्यम परिणाम म्हणतात, वर्तमानपत्र मोठी बातमी म्हणतं. अशा दोन गटांतून एकेक माणूस चिठ्ठी टाकून उचलला, तर वरच्या गटातला माणूस खरोखर वरचढ असण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५०. इतकाच तो फरक. गटाच्या सरासरीचं लेबल माणसाच्या कपाळावर चिकटवणाऱ्याला थोपवायचं असेल तर हा आकडा समोर ठेवावा लागतो. प्रत्येक जण वेगळा असतो हो, एवढं म्हणून कुणी थांबत नाही.

आता दुसऱ्या छावणीकडे वळू, कारण तिचं घर काचेचं आहे. आकडे आहेत म्हणून आम्ही विज्ञान, असं म्हणणाऱ्यांना गेल्या दीड दशकात चांगलाच हादरा बसला. २०११ मध्ये डॅरिल बेम या नामवंत मानसशास्त्रज्ञाने नऊ प्रयोगांचा निबंध एका अग्रगण्य नियतकालिकात छापला. त्याचं सांगणं असं की पुढे घडणाऱ्या घटनांचा परिणाम माणसाच्या आत्ताच्या उत्तरांवर होतो. थोडक्यात, भविष्याची चाहूल लागते. आकडेमोड रूढ पद्धतीची होती, नऊपैकी आठ प्रयोगांत निकाल सार्थक होते. २०१५ मध्ये २७० संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थक होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत उरला. ही सगळी माणसं संख्याशास्त्राचा पेपर उत्तीर्ण झालेली होती. मग पहिली छावणी विचारणारच: तुमच्या आकड्यांनी काय वाचवलं? उलट हा सगळा गोंधळ आकड्यांनीच घातला ना?

हा माझ्या मते सगळ्यात बिनतोड आक्षेप आहे, आणि मी तो जवळजवळ पूर्ण मान्य करतो. जर्मनीतल्या सहा विद्यापीठांत हॅलर आणि क्रॉस यांनी पी-मूल्याच्या (खरा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याच्या शक्यतेच्या) अर्थाबद्दल सहा विधानं दिली, सगळी चुकीची, आणि २००२ मध्ये निकाल छापला. एकही विद्यार्थी असा निघाला नाही की ज्याने सहाही विधानं चूक म्हणून ओळखली. विद्यार्थ्यांचं सोडा, हाच विषय शिकवणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांनी निदान एक चुकीचं विधान बरोबर ठरवलं. म्हणजे जे शिकवलं जात होतं ते कृतीचं पुस्तक होतं: आकडे भरा, बटण दाबा, उत्तर ०.०५ च्या खाली आलं की निबंध लिहा. पण यावरून संख्याशास्त्र कमी करा असा निष्कर्ष निघत नाही. ते कधी शिकवलंच गेलं नाही, असा निघतो.

पी-मूल्य खरं म्हणजे अर्ध्या तासात समजतं. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३५ च्या पुस्तकात सांगितलेला चहाचा प्रयोग घ्या. एका बाई म्हणतात, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगते. आठ कप करायचे, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून. बाईंनी ‘आधी दूध’वाले चार ओळखायचे. आठातून चार निवडायचे ७० मार्ग आहेत, त्यांतला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे बाईंना काहीएक कळत नसेल, तरी निव्वळ नशिबाने चारही ओळखण्याची शक्यता ७० त एक. पी-मूल्य म्हणतात ते हे. आता समजा त्यांनी चारही ओळखले. त्यांना चव कळत नसण्याची शक्यता आता ७० त एक झाली का? विद्यार्थ्यांनाच नव्हे, भल्याभल्यांना इथे हो म्हणावंसं वाटतं. मग त्याच आठ कपांऐवजी आठ बंद पाकिटं ठेवा आणि कुणीतरी म्हणू द्या की आतल्या चिठ्ठ्या मी न उघडता वाचतो. त्यानेही चारही ओळखली. आकडा तोच, ७० त एक. दोघांवर सारखाच विश्वास बसेल? चहाची चव ओळखणं शक्य कोटीतलं आहे. पाकिटातली चिठ्ठी न उघडता वाचणं नाही. पहिल्या वेळी आपण म्हणू, असेल बुवा. दुसऱ्या वेळी म्हणू, पाकिटं मी आणतो, पुन्हा कर. आकडा एकच असून निष्कर्ष वेगळे, कारण आकडा पुराव्याचा एक तुकडा आहे, निवाडा नव्हे. हे ज्याला कळलं त्याला बेमच्या निबंधाचं काय करायचं तेही आपोआप कळतं.

आणि त्या कपांच्या प्रयोगात एक चोरवाट ठेवून पाहा. बाई चुकल्या तर म्हणायचं की चहा गार झाला होता, ही फेरी धरू नका. पुन्हा चुकल्या तर म्हणायचं की आज सर्दी आहे. वीस फेऱ्यांनंतर जी जमली ती छापायची. काहीच खरं नसताना, ०.०५ ची पातळी लावून वीस स्वतंत्र गोष्टी तपासल्या तर निदान एक तरी सार्थक निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी २०११ मध्ये याचीच टर उडवली: तेव्हा सर्रास चालत असलेल्या सवलती घेऊन त्यांनी दाखवून दिलं की एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय सुमारे दीड वर्षाने कमी होतं. वाटतं नव्हे, होतं! लबाडी लागली नाही. हवं ते दिसेपर्यंत शोधत राहायचं आणि ते दिसताच थांबायचं, एवढी माणसाची नेहमीची सवय पुरली. आता सांगा, हा धडा मानसशास्त्राचा की संख्याशास्त्राचा? इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती मुद्दाम विसरली जाते. हा सगळा गोंधळ चव्हाट्यावर आणला तो मानसशास्त्रज्ञांनीच. गृहीतक आधी जाहीर करून मग प्रयोग करायचा, ही पद्धत आज रुजते आहे तीही त्यांच्याच पुढाकाराने. ‘मानसशास्त्र विज्ञानच नाही’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी आपापल्या शाखेतले शंभर निकाल असे पुन्हा तपासून दाखवावेत, मग बोलू.

वर्गात मात्र यातलं काही पोचत नाही, कारण तिथे प्रयोग गोष्टींसारखे सांगितले जातात आणि आकडे वेगळ्या तासाला. मिलग्रॅमचा १९६३ चा निबंध प्रत्येकाला तोंडपाठ असतो: प्रयोग घेणाऱ्याने सांगितलं म्हणून ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत (प्रत्यक्षात खोटे) झटके दिले, यावरून माणूस आज्ञाधारक असतो. बस्स. पण मिलग्रॅमने त्या प्रयोगाची कितीतरी रूपं केली. सोबतच्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले. प्रयोग घेणारा खोलीतून उठून टेलिफोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा सुमारे एक पंचमांश. मग माणूस आज्ञाधारक असतो की नसतो? प्रश्नच ढोबळ आहे. परिस्थिती एकेका अंगाने बदलली की आज्ञापालन किती बदलतं, हा खरा शोध होता, आणि तो फक्त तुलनेतून दिसतो. पासष्ट टक्के हा एकटा आकडा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने मिलग्रॅमचा प्रयोग वाचलेला नाही, त्याची अफवा ऐकली आहे. विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवणाऱ्या, स्टॅनफर्डमधल्या १९७१ च्या तुरुंगाच्या प्रयोगाचं तर बोलायलाच नको: तुलनेला दुसरा गट नाही, पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना दिलेल्या, आणि तरी पिढ्यान् पिढ्या तो माणसाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून शिकवला जातो.

राहिली भीती. आकड्यांच्या धास्तीने चांगली मुलं या विषयापासून दूर पळतात, हे खरं आहे आणि त्याची खिल्ली उडवण्यात अर्थ नाही. पण ती नेमकी कशाला घाबरतात ते तरी बघा. वर्गांतरांच्या तक्त्यावरून हाताने प्रमाण विचलन काढणं, पुस्तकाच्या शेवटच्या कोष्टकात टी-मूल्य शोधणं, सूत्रातल्या पायऱ्या न चुकता उतरवणं, यातलं काहीही आज कुणी संशोधक करत नाही. ते सरळ काढून टाका. त्या जागी त्वेर्स्की आणि कानेमान यांचा १९७४ चा प्रश्न विचारा: एका रुग्णालयात रोज सुमारे ४५ बाळं जन्मतात, दुसऱ्यात सुमारे १५. वर्षभरात ६० टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मल्याचे दिवस कुठे जास्त असतील? त्यांनी विचारलेल्या ९५ विद्यार्थ्यांपैकी ५३ जणांनी दोन्हीकडे सारखेच असं उत्तर दिलं. उत्तर अर्थातच लहान रुग्णालय, कारण लहान नमुना जास्त डोलतो. हे एकदा डोक्यात बसलं की बारा जणांवर केलेल्या चमत्कारिक अभ्यासाची बातमी वाचताना हात आपोआप आखडतो. फक्त एक फसवं आश्वासन मला द्यायचं नाही. सूत्रं काढली म्हणजे विषय सोपा होईल, असं नाही. सूत्र घोकून गुण मिळवता येत होते; विचार घोकता येत नाही. काहींना हे जास्त जड जाईल, आणि आज पहिल्या येणाऱ्यांतलेही काही त्यात असतील.

असं शिकवून फरक पडतो का? लेमन, लेंपर्ट आणि निस्बेट यांनी १९८८ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रोजच्या जगण्यातले प्रश्न देऊन पाहिलं. मानसशास्त्र आणि वैद्यक शिकणाऱ्यांची संख्याशास्त्रीय समज वाढलेली दिसली. कायदा आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्यांची तशी वाढली नाही. यावर मात्र वर सांगितलेलीच शंका घ्यायला हवी: कोणी कोणती शाखा घ्यायची हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, तेव्हा फरकाचं सगळं श्रेय शिक्षणाला देता येणार नाही. तरी दिशा पटण्यासारखी आहे. शुद्ध रसायन परीक्षानळीत फारसं इकडेतिकडे होत नाही. माणूस होतो, आणि त्याच्यावर सतत काम करणाऱ्याला योगायोगाशी झुंजावंच लागतं.

मग हे होत का नाही? दोन्ही छावण्या ज्याबद्दल बोलत नाहीत ते कारण परीक्षेत आहे. प्रश्नपत्रिकेत एक उतारा द्या: सर्वांत कमी गुण पडलेली वीस मुलं निवडून त्यांना महिनाभर ध्यान शिकवलं, पुढच्या चाचणीत त्यांचे गुण सरासरीने वाढले, ध्यानामुळे हे झालं असं म्हणता येईल का, आणि नसेल तर तुम्ही अभ्यास कसा आखाल? याला पानभर उत्तर लागतं. ते वाचावं लागतं, दोन मुलांची उत्तरं वेगळी असून दोन्ही बरोबर असू शकतात, आणि तपासणाऱ्याला स्वतःला विषय नीट कळलेला असावा लागतो. हॅलर आणि क्रॉस यांचा निकाल पाहता तेही गृहीत धरता येत नाही; सुरुवात शिक्षकांच्या प्रशिक्षणापासून करावी लागेल, आणि त्याला वेळ व पैसा दोन्ही लागतील. प्रमाण विचलनाच्या उदाहरणाला यातलं काहीच लागत नाही. उत्तराखाली दोन रेघा मारलेला आकडा उत्तरसूचीशी जुळला की गुण द्यायचे आणि पुढची उत्तरपत्रिका ओढायची.